डबीतल्या लाल गोळ्या

तुमच्या गाडीतल्या तारा कुणी गुंफल्या, असं तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

शोरूममध्ये तुम्ही मायलेज विचारलंत, रंग निवडलात, हार घातलेल्या गाडीपुढे उभं राहून फोटो काढलात. पण ज्या तारांमुळे दिवा लागतो, हॉर्न वाजतो आणि काच खाली येते, त्या तारा एकेक करून फळीवर मांडून, टेप गुंडाळून त्यांचे जुडगे बांधणारे हात बहुतेक बायकांचे असतात. त्या जुडग्याला हार्नेस म्हणतात. चाकणच्या पट्ट्यात हे काम करणारे कारखाने आहेत. त्यातल्या एका कारखान्याच्या डिस्पेन्सरीत मी नर्स आहे. तारांमधलं मला काही कळत नाही. तारा गुंफणाऱ्यांच्या रक्तातलं थोडंफार कळतं.

माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. त्यामुळे लिहिताना माझा आवाज चढतो, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा. संपादकांनी कामातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. त्या भरपूर आहेत. एक गोष्ट मात्र गमतीची नाही, आणि मला खरी तीच सांगायची आहे.

आधी धंदा समजावते. लाइनवर दिवसभर उभं राहायचं असतं. बाई चक्कर येऊन पडली की तिला माझ्याकडे आणतात. पापणी खाली ओढून पाहिली की आत गुलाबी दिसायला हवं तिथे पांढुरकं दिसतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासलं की कळतं, रक्त कमी आहे. कारणं काही गूढ नाहीत. डबा नवऱ्याचा आधी, मुलांचा नंतर आणि स्वतःचा उरला तर. त्यात पाळीत अंगावरून खूप जाणं. मग आमचे डॉक्टर लोहाची गोळी सुरू करतात. ज्यांचं रक्त ठीक आहे पण पुढे कमी होऊ नये म्हणून गोळी घ्यायची, त्यांना आठवड्यातून एक. ज्यांचं आधीच कमी झालंय, त्यांना डॉक्टर सांगतील तितके दिवस, रोज. गोळी लाल, वरून साखरेचा लेप.

इतकी साधी गोष्ट. पण माणसं साधी नसतात.

आमच्याकडे ओव्हरटाइम केला की पगार डबल. त्यामुळे बऱ्याच बायकांनी मनाशी पक्कं केलं होतं की डबल ड्युटी केली त्या दिवशी गोळीही डबल घ्यायची. एकीने तर सुट्टीच्या आठवड्यात राहिलेल्या गोळ्या सोमवारी एकदम घेतल्या आणि पोट धरून माझ्यासमोर बसली. "अगं, ही काय राहिलेली हजेरी आहे का भरून काढायला?" असं मी ओरडले. ती म्हणाली, "सिस्टर, बुडालं ते बुडालं असं कंपनीत तरी कुठं चालतंय?" राहिलेली गोळी राहू द्यायची आणि पुढची तिच्या वेळेला घ्यायची, एवढं सांगून मी तिला पाणी दिलं.

दुसरी भेदरून आली. "सिस्टर, माझ्या पोटात ग्रीस गेलंय." शौचाला काळं झालं होतं. गोळी घेतल्यावर तसं होतं, घाबरायचं काही नसतं, हे सांगितल्यावर ती इतकी हसली की पुढचे काही दिवस तिच्या मैत्रिणी एकमेकींना "सर्व्हिसिंग झाली का?" असं विचारत होत्या.

आणि चहा! मी सांगून सांगून थकायचे की गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोहाला अंगी लागू देत नाही. दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळून पाणी प्या, त्याने उलट मदत होते. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. पण टी-ब्रेक हा दिवसातला एकच वेळ बायकांचा स्वतःचा. तेव्हा त्या गप्पाही मारणार, टिकलीही नीट करणार आणि गोळीही चहाच्या घोटाबरोबर गिळणार.

पुरुष तर त्याहून भारी. गाडे हे आमच्या लाइनचे सुपरवायझर. खेड तालुक्यातलं जुनं घर. जमीन कारखान्यांत गेली, नोकरी कारखान्यात मिळाली, पण शर्यतीचे बैल त्यांनी सोडले नाहीत. एकदा दारात घुटमळत उभे.

"सिस्टर, ही लाल गोळी रक्त वाढवती म्हनं?"

"कमी असेल तर वाढवते."

"मंग आमच्या सोन्याला चालंल का? शर्यतीत शेवटाला दम कमी पडतोय."

"सोन्या म्हणजे मुलगा का?"

"न्हाई वो. बैल."

"त्याचं रक्त तपासलंय?"

"त्याला सुई कोन टोचनार?"

"मग गोळी मिळणार नाही."

गाडे दोन पावलं गेले आणि परत फिरले. "मंग मला तरी द्या. दम माझाबी कमी पडतोय." त्यांचं रक्त तपासलं, तर ते अगदी उत्तम होतं. मी म्हटलं, "साहेब, ही ताकदीची गोळी नाही. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकता येत नाही, ते आत साठत जातं. तुम्हाला गोळी नको, पोट थोडं कमी करा." त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. थकवा आला की लोह कमी, असं प्रत्येक वेळी नसतं. फोर्कलिफ्ट चालवणारा एक तरुण सारखा गोळी मागायचा. त्याला काय कमी होतं, तर झोप. ती माझ्या कपाटात नव्हती, कंत्राटदाराकडे होती, आणि तो ती द्यायला तयार नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

एका हार्नेसच्या जोडात चांदीचा तुकडा सापडला. चांदी म्हणजे चॉकलेटवर, गोळ्यांच्या स्ट्रिपवर असते ती चमकी. असा तुकडा तारांत अडकला तर गाडीत ठिणगी पडू शकते, त्यामुळे ही गोष्ट गंभीर होती हे मलाही मान्य. क्वालिटी विभागाने फर्मान काढलं: गेटच्या आत चांदी बंद. कॅन्टीनसुद्धा गेटच्या आतच, त्यामुळे जेवणानंतर घ्यायची गोळी स्ट्रिपमधून आणता येईना. सिक्युरिटीवाल्या बायका पिशव्या तपासून स्ट्रिपा काढून ठेवायला लागल्या. मी क्वालिटीच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, गोळी स्ट्रिपमध्येच राहायला हवी. बाहेर काढली की दमट होते, कोणती कशाची ते कळत नाही, किती घेतल्या ते कळत नाही. साहेब गोड हसले. "सिस्टर, रक्त तुमचं डिपार्टमेंट, तारा आमचं." तेवढ्यावर माझी बोळवण झाली.

बायकांनी आपला मार्ग काढला. तारांच्या टोकाला बसवायचे पितळी तुकडे छोट्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांतून येतात. रिकाम्या डब्या घरी न्यायची मुभा होती. घट्ट झाकणाच्या त्या डब्या इतक्या छान की प्रत्येकीच्या घरी टिकल्या, पिना, बटणं, लवंगा सगळं त्यांतच. आता बायका घरी गोळ्या स्ट्रिपमधून सोलून डबीत भरायच्या आणि डबी घेऊन कामाला यायच्या. सिक्युरिटी खूश, क्वालिटी खूश.

सुरेखा ही लाइनवरची सगळ्यांत वेगवान मुलगी. लातूरकडची, मोशीला भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून काही दिवस घरी. तिचं रक्त फार कमी होतं म्हणून डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली होती. तिची मुलगी पिंकी नुकती पळायला लागलेली. सुरेखा कामावर असताना पिंकी शेजारच्या शबानाभाभींकडे असायची. भाभींचं किराणा दुकान, घर दुकानामागेच. सुरेखाने अशाच एका डबीत लाल मणी भरून, झाकण चिकटवून पिंकीला खुळखुळा करून दिला होता. दुसऱ्या डबीत गोळ्या. दोन्ही डब्या सारख्याच दिसायच्या, वाजायच्याही सारख्याच.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली आणि डिस्पेन्सरीचा फोन वाजला. लाइनवर मोबाइल नेता येत नाही, म्हणून घरचे निरोप माझ्याकडे येतात. शबानाभाभी होत्या.

"सिस्टर, सुरेखाला सांगा, पिंकीला सकाळपासून उलट्या झाल्या. आता सो गई है, काही घाबरायचं नाही. फक्त शिफ्ट सुटल्यावर लवकर ये म्हणावं."

"काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. खेळत होती तिचा खुळखुळा घेऊन. उलटी लालसर होती, तर मला वाटलं माझ्याच बरणीतली गोळी चोखली असंल. जीभ पण लाल."

"भाभी, खुळखुळा बघा. झाकण उघडं आहे का?"

त्या गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "उघडी आहे, सिस्टर. यात मणी नाहीत. लाल गोळ्या आहेत. थोड्याच उरल्यात."

"पिंकीला उचला आणि रिक्षात घाला. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आम्ही तिथेच येतो. मिठाचं पाणी नको, बोट घालून उलटी काढू नका, काही पाजू नका. डबी बरोबर घ्या."

"पण आता बरी आहे ना ती? शांत झोपलीय."

"म्हणूनच घाई आहे, भाभी!"

हे इथे थांबून सांगायलाच हवं. मोठ्यांना औषध असलेली ही गोळी लहान मुलाला विष आहे. मुलाने बऱ्याच गोळ्या खाल्ल्या की आधी उलट्या, जुलाब होतात. मग काही तास मूल शांत होतं, बरं वाटतं. आई म्हणते, निघून गेलं सगळं. आत मात्र लोह रक्तात उतरत असतं, आणि मग मूल एकदम कोसळतं. हा मधला बरा वेळच फसवा. तेवढाच वेळ हातात असतो.

मी लाइनकडे धावले. लाइन चालू असताना जागा सोडायची तर बदली माणूस लागतो, आणि सुट्टीनंतर बदली बाई कुठेच दिसेना. मी गाडेंना दोन वाक्यांत सांगितलं. पहिल्या वाक्यावर त्यांनी बदली कोण आहे हे शोधायला मान वळवली. दुसऱ्या वाक्यावर सरळ सुरेखाच्या जागी जाऊन उभे राहिले.

"सुरेखा, जा तू. तारा मी बघतो."

"साहेब, तुमाला टेप गुंडाळायला येतंय का?"

"न्हाई आलं तर फेकतील. तू जा!"

तिला काय झालंय ते अजून कळलं नव्हतं. मी हाताला धरून ओढत तिला सांगितलं. ती ओरडली नाही. फक्त तिची पावलं माझ्यापेक्षा पुढे गेली. लाइनच्या गेटवरच सिक्युरिटीने पास मागितला, तसे गाडे मागून लाइनवरूनच गरजले, "पास माझ्या टकुऱ्यावर लिवा, पर गेट उघडा!"

कंपनीच्या ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. चाकणच्या चौकात ॲम्ब्युलन्सलाही वाट मिळत नाही, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. भोंगा वाजत होता आणि कंटेनर आपल्या जागी. सुरेखाच्या डोक्यावर लाइनवरची जाळीची टोपी तशीच होती. खिशात मण्यांची डबी होती: सकाळच्या घाईत डब्या बदलल्या गेल्या, आणि जेवणानंतरची गोळी त्या दिवशी घ्यायची राहिली म्हणून तिला ते कळलं नव्हतं. ती एकच गोष्ट परत परत विचारत होती.

"सिस्टर, उलटी झाली म्हंजी निघालं असंल की समदं?"

मी खोटं बोलले नाही. "थोडं निघालं असेल. बाकीचं डॉक्टर काढतील."

शबानाभाभी आमच्या आधी पोचल्या होत्या. दुकान उघडं टाकून, चपला न घालता. पिंकी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून जागी होती आणि इतकी शांत की पाहून कुणालाही वाटावं, उगाच आणलं. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती गोळ्या खाल्ल्या?"

कुणालाच माहीत नव्हतं. स्ट्रिप असती तर रिकामे खड्डे मोजले असते. डबीला खड्डे नसतात.

"डबीत किती होत्या?"

"निम्मी असंल," सुरेखा म्हणाली. "का जास्ती? मॅडम, मी कधी मोजल्याच न्हाईत ओ." आणि तिथे ती पहिल्यांदा रडली.

डॉक्टर बाईंनी मोजायचा हट्ट धरला नाही. भरपूर खाल्ल्या असं धरून त्या कामाला लागल्या. एक्स-रेत पोटात पांढरे ठिपके दिसले. पोट धुऊन काढायचं काम सुरू झालं, रक्त तपासायला गेलं, आणि लोहाला पकडून बाहेर काढणारं औषध सलाइनमधून चढायला लागलं. संध्याकाळकडे पिंकीचे हातपाय गार पडले, श्वास जोरात चालला. ती शांत झोपलेली असताना घरीच ठेवली असती तर ही वेळ खोलीत, एकट्या आईसमोर आली असती. इथे डॉक्टर उशाशी होत्या. त्या हलल्या नाहीत.

पिंकी वाचली. पुढे वॉर्डात उठून बसल्यावर तिने भाभींकडे काय मागावं? खुळखुळा. भाभी म्हणाल्या, "बाई गं, आता मी तुला ढोल आणून देते, पण डबी नको."

गाडेंनी बांधलेले हार्नेस त्या दिवशी सगळेच्या सगळे रिजेक्ट झाले. क्वालिटीने त्यांना कागद दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "सिस्टर, आपल्याला टेप जमत न्हाई, खरं हाय."

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. माझं खरं भांडण इथून सुरू झालं. व्यवस्थापनाने सगळ्यांत सोपा उपाय काढला: गोळ्याच बंद. बायकांनीही डब्या गटारात रिकाम्या केल्या. सोलून डबीत भरायला लावलं चांदीच्या फर्मानाने, आणि शिक्षा मात्र गोळीला! मी पेटले. एक पत्रक लिहून काढलं आणि कॅन्टीनच्या भिंतीवर लावायच्या आधी गाडेंना वाचायला दिलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं आणि विचारलं, "हे गोळीचं हाय का संपाचं?" मग मी अर्धी उद्गारचिन्हं काढली आणि वडिलांना न आवडेल इतकं सौम्य लिहिलं.

तरी कुणी गोळी घेईना. सुरेखा तर डिस्पेन्सरीकडे बघतही नव्हती. मग एक दिवस ती लाइनवर खाली बसली. तिला आणलं, पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं.

"सुरेखा, गोळी परत सुरू करायला हवी."

"त्या गोळीचं नाव काढू नका. लेकीला मारायला निघाली होती ती, आन् मी तीच तोंडात घालू?"

"गोळी निघाली नव्हती. तिला डबीत घातलं होतं. तू इथे पडलीस आणि हात मशीनमध्ये गेला तर पिंकीला कोण उचलणार?"

तिने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाली, "घेते. पर ती माझ्या घराचा उंबरा वलांडनार न्हाई. इथंच ठिवा, कुलपात. जेवले की मी येती आन् तुमच्या म्होरं घेती."

ती अट घेऊन मी पुन्हा क्वालिटीच्या साहेबांकडे गेले. या वेळी एकटी नाही. मागे गाडे होते, आणि गाडेंच्या मागे लाइनवरच्या बायका, जेवणाच्या सुट्टीत, शांतपणे. साहेब गोड हसले नाहीत. डिस्पेन्सरीत चांदी चालेल असं ठरलं. गोळ्या स्ट्रिपमध्ये, स्ट्रिप कुलपात, जेवणानंतर बायका येतात, लिंबूपाण्याबरोबर घेतात, जातात. सुट्टीसाठी घरी न्यायची तर स्ट्रिपसकट, गेटवरच्या लॉकरमधून.

मला अभिमान आहे आणि खंतही. ज्या नियमाला एका फेरीत हो म्हणता आलं असतं, त्यासाठी एका पोरीला सलाइनवर पडावं लागलं. बायका अजून कंत्राटीच आहेत. डबा अजून नवऱ्याचा आधी. तेवढ्यासाठी वेगळं पत्रक लागेल आणि त्यात मी उद्गारचिन्हं काढणार नाही.

सुरेखा रोज येते. स्ट्रिपमधून गोळी स्वतः फोडते, गिळते, स्ट्रिप कपाटात ठेवते. मी कुलूप लावते. मग ती हात पुढे करून कुलूप ओढून बघते. मी लावलेलं कुलूप ती रोज ओढून बघते. मला राग येत नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. हा अंक पालथा घाला आणि उठा. घरात एखादी लोहाची गोळी डबीत, बरणीत, पर्सच्या कप्प्यात किंवा उशीखाली सुटी पडली असेल तर ती औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात नेऊन द्या आणि नवी स्ट्रिप आणा. स्ट्रिप न सोलता, मुलाचा हात जाणार नाही अशा कपाटात, कुलपात ठेवा. गोळी बंद करू नका, रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून घ्या. आणि कधी एखाद्या लेकराची जीभ लाल दिसली, गोळ्या कमी झालेल्या दिसल्या, तर ते हसत असलं तरी उचला आणि दवाखान्यात पळा. बरं दिसतंय म्हणून बसून राहू नका.

आधी उठा. उरलेला अंक नंतर वाचा.